टोकं धूळमुक्त ठेवावीत

मंगळवारी, १८ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता बैठक सुरू झाली, तेव्हा नितेश म्हापणकरच्या कंपनीला दोन वर्षांसाठी काळ्या यादीत टाकण्याचा ठराव टाइप होऊन टेबलावर आला होता. तीन सह्या व्हायच्या होत्या, एवढंच.

कांजूरमार्ग पूर्वेला, हमरस्त्यापासून थोडी आत, राज्य सरकारची किनारी हवामान प्रयोगशाळा आहे. तीन मजली इमारत, गच्चीवर रडारचा पांढरा घुमट. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आत येतो म्हणून एका बाजूच्या खिडक्या कायमच्या बंद केलेल्या. रडार ढगांची जी माहिती गोळा करतं ती साध्या इंटरनेटवरून पाठवायची म्हटली तर एका दिवसाच्या माहितीला चार दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून दोनदा हार्ड डिस्कचा डबा टॅक्सीत घालून पवईला न्यावा लागे. पवईच्या एका संस्थेत देशभरातल्या संशोधन संस्थांना जोडणाऱ्या वेगवान जाळ्याचं ठाणं आहे. त्या ठाण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत साडेसहा किलोमीटर स्वतंत्र फायबर टाकायची, एवढंच काम होतं. त्याची फाइल तीन वर्षं चालू होती. निविदा दोनदा काढावी लागली, परवानग्यांना अकरा महिने गेले, आणि शेवटी काम नितेशला मिळालं.

नितेश अडतीस वर्षांचा, दहिसरचा. त्याचे वडील काशीराम गिरणी बंद पडल्यावर चाळीचाळींतून टीव्हीच्या केबली ओढायचे. त्यातूनच मुलाची कंपनी उभी राहिली. अकरा माणसं, दोन टेम्पो, आणि कामं जवळजवळ सगळी सरकारी: शाळा, दवाखाने, वॉर्ड ऑफिसं. एका सरकारी कार्यालयानं काळ्या यादीत टाकलं की बाकीच्यांचीही दारं बंद होतात. बैठकीच्या आधी खाली फाटकाशी उभा असताना तो त्याच्या जुन्या जोडाऱ्याला, फायबरचे जोड मारणाऱ्या खंडूला म्हणाला होता, की दोन वर्षांनी आपल्याला कोण ओळखणार, तोवर माणसं दुसरीकडे गेलेली असतील. खंडू म्हणाला, "मी कुठं जाणार? माझ्या वयाला कोण घेतोय?" दोघंही त्यावर हसले नाहीत.

निविदेतली कलमं क्षमा देवस्थळींनी लिहिलेली होती. त्या प्रयोगशाळेच्या खरेदी अधिकारी. वय पंचावन्न, या पदावर एकोणीस वर्षं. देवस्थळी मॅडमच्या टेंडरमध्ये मुंगीला शिरायचं असेल तरी तिनं दोन प्रतींत अर्ज करावा लागतो, असं कंत्राटदार आपसांत म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. कलम चौदा असं होतं: सर्व्हर रूमच्या भिंतीवरची जोडपेटी ही हद्द. पेटीपर्यंतची जबाबदारी कंत्राटदाराची, पेटीपासून आतली प्रयोगशाळेची, आणि आतल्या कुठल्याही वस्तूला कंत्राटदारानं हात लावायचा नाही.

अडचण सुरू झाली ६ ऑक्टोबरला. काम स्वीकारायच्या आधी सात दिवस सलग, पूर्ण वेगानं माहिती पाठवून चाचणी घ्यायची होती. थोडी माहिती पाठवली की सगळं ठीक चाले; भार वाढवला की माहिती गळायला लागे. प्रयोगशाळेचा नेटवर्क सांभाळणारा शास्त्रज्ञ केयूर सबनीस यानं सर्व्हर रूममधल्या नेटवर्कच्या मशीनवरचा आकडा दाखवला. फायबरमधून जेवढा प्रकाश पोहोचायला हवा होता, त्यापेक्षा बराच कमी पोहोचत होता. नितेशनं भिंतीवरच्या पेटीशी स्वतःचा मीटर लावून दाखवला, तिथं प्रकाश बरोबर होता. केयूरनं कलम दाखवलं: मशीनचा आकडा अंतिम.

मग नितेशच्या माणसांनी साडेसहा किलोमीटरमधले अकराही जोड उघडून पुन्हा केले. हायवेलगतच्या एका चेंबरमध्ये पाणी साचलेलं सापडलं, म्हणून तिथली तीनशे मीटर केबल बदलली. दिवाळीचे चार दिवस त्यांनी खड्ड्यांत काढले. दुसरी चाचणी नापास झाली. १२ नोव्हेंबरला तिसरीही झाली.

पेटीपासून मशीनपर्यंत जाणारी केबल अडीच मीटरची, पिवळी, बोटापेक्षा बारीक. ती प्रयोगशाळेनं स्वतः विकत घेतली होती. सीलबंद पाकिटात, कारखान्याच्या प्रमाणपत्रासह ती आली होती. ३० सप्टेंबरला केयूरनं तिचं एक टोक पेटीत बसवलं आणि दुसरं, टोपी लावलेलं, मशीनशेजारी लोंबतं ठेवलं, कारण पवईहून हिरवा कंदील यायचा होता. शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला तो आला. केयूरनं टोपी काढली, टोक मशीनमध्ये बसवलं. त्याला त्यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. टोपी होती, म्हणजे टोक स्वच्छ होतं. टोकं तपासायचा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेकडे नव्हता. पहिल्याच वर्षी तो खरेदीच्या यादीतून वगळला गेला होता. तशीच दुसरी केबल स्टोअरमध्ये पडून होती, पण पहिली रीतसर स्वीकारली जात नाही तोवर दुसरी बाहेर काढता येत नव्हती. हा नियमही क्षमा देवस्थळींचाच.

बैठकीत टेबलाच्या एका बाजूला तिघं होते. संचालक विद्याधर रानडे मध्ये, एका हाताला केयूर, दुसऱ्या हाताला क्षमा देवस्थळी. समोर नितेश एकटा. इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात वरिष्ठ लिपिक नलिनी तोडणकर वही घेऊन बसल्या होत्या. खंडू बाहेर बाकावर होता.

रानड्यांनी तिन्ही चाचण्यांचे आकडे वाचून दाखवले. नितेशनं काही खोडून काढलं नाही. केयूर म्हणाला की हार्ड डिस्क घेऊन जाणारी टॅक्सी अजून तरी या केबलपेक्षा फास्ट आहे, आणि रानडे हसले. मग त्यांनी नितेशला विचारलं, शेवटचं काही सांगायचंय का.

नितेशनं सांगितलं की तीन वेळा मेल करून त्यानं एकच गोष्ट मागितली होती आणि तिन्ही वेळा कलम चौदा दाखवण्यात आलं होतं. "सह्या करा साहेब, मी अडवत नाही. पण त्याआधी तुमच्या केबलचं टोक एकदा बघू द्या. हात केयूर सरच लावतील. आम्ही नुसतं बघू."

केयूर काही बोलायच्या आत क्षमा देवस्थळी म्हणाल्या, "बघू दे. नोंद घ्या, नलिनी. उद्या हे कोर्टात गेले, तर आपण दाखवलं नाही असं व्हायला नको."

त्यांना आपल्या बाजूविषयी खात्री होती. खात्री नसती तरी त्या तेच म्हणाल्या असत्या.

सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर. तिच्या दोनच किल्ल्या: एक केयूरकडे, एक क्षमा देवस्थळींकडे. सगळे आत आले. खंडूला बोलावून घेतलं. त्याच्या पिशवीत बॅटरीएवढा सूक्ष्मदर्शक होता आणि त्याला वायरनं जोडलेला छोटा पडदा. केयूरनं पिवळी केबल मशीनमधून काढली आणि स्वतःच्या हातानं सूक्ष्मदर्शकाच्या तोंडाशी धरली.

स्वच्छ टोक पडद्यावर राखाडी चकतीसारखं दिसतं, मधोमध एक ठिपका. प्रकाश त्या ठिपक्यातून जातो. इथं चकतीभर काळे खडे विखुरले होते. त्यांतला एक ठिपक्याच्या अगदी कडेला दाबला गेला होता आणि तिथून एक ओरखडा निघाला होता. पडदा काळा-पांढरा असल्यामुळे रंग कळत नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उमटली होती, ११:५२.

केयूर बराच वेळ बघत राहिला. "हे काय आहे?" त्यानं विचारलं, पण ते कुणाला, हे त्याच्याही लक्षात आलं नसावं.

"धूळ नाय ही," खंडू म्हणाला. "धूळ एवढी जाड नसते."

त्यानं खिशातून टोक पुसायची पांढरी पट्टी काढून केयूरला दिली आणि कसं पुसायचं ते सांगितलं: एकदाच, एका दिशेनं. केयूरनं पुसलं आणि पट्टी दिव्याखाली धरली. पट्टीवर नखाएवढी रेघ उमटली होती. अर्धी लाल, अर्धी पिवळी.

 

"हळदकुंकू आहे, भाऊ," खंडू नितेशला म्हणाला.

केयूरनं पट्टी नाकाशी नेली आणि होकारार्थी मान हलवली.  त्रेचाळीस दिवस तो ज्या आकड्याच्या जिवावर एका माणसाला खोटं पाडत होता, तो आकडा त्याच्याच हातातल्या केबलनं दिला होता. रानड्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पट्टी पाहिली. नलिनी तोडणकरांच्या हातातलं पेन थांबलं.

क्षमा देवस्थळींना मात्र पट्टीवरचा रंग बघताक्षणीच सगळं कळलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत.

पहिले सावरले ते रानडे. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेला माणूस. वाईट बातमी आली की ती कुणाच्या नावावर लिहायची हे त्यांना आधी सुचे. त्यांनी नितेशकडे वळून विचारलं की खणायला सुरुवात करताना नारळ कुणी फोडला होता. नितेश म्हणाला, आम्हीच. खणायच्या मशीनला कुंकू कुणी लावलं होतं? नितेश म्हणाला, ते तर दर कामाला लावतो, साहेब, तुमच्या फाइलमध्ये फोटो आहे. रानड्यांनी भिंतीवर अडकवलेली येण्याजाण्याची वही काढली आणि पानं उलटली. बुधवार, १ ऑक्टोबर. खंडू, पेटीवर लेबल लावण्यासाठी, दुपारी तीन दहा ते तीन पस्तीस.

"खंडेनवमी होती त्या दिवशी," रानडे म्हणाले. "तुमचा माणूस पंचवीस मिनिटं इथं होता."

खंडूला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. "साहेब, मी नाय लावलं. आम्ही खोक्याला लावतो, खोऱ्याला लावतो. टोकाला कोण लावणार? वीस वर्षं जोड मारतोय मी. टोकाला मी श्वास पण लागू देत नाय."

"मग आमच्या माणसांनी लावलं? खोलीला कुलूप असतं. पूजा खाली हॉलमध्ये झाली."

 रानडे शांतपणे पुढे बोलत राहिले. ठराव आता बदलावा लागेल, म्हणाले. सदोष काम हे कारण राहणार नाही, प्रयोगशाळेच्या मालमत्तेचं नुकसान हे येईल. त्याला दोन वर्षं नाहीत, पाच वर्षं आहेत.

नितेशनं खंडूकडे पाहिलं. तो आता मॅडम-साहेबांच्या भाषेत बोलत नव्हता.

"खंड्या, खरा सांग. लावलंस काय?"

खंडूनं मान वर केली. "तू विचारतोस हे? तू?"

नितेशनं प्रश्न मागे घेतला नाही. खंडूनं सूक्ष्मदर्शकाची वायर गुंडाळायला घेतली. ती त्याला नीट गुंडाळता येत नव्हती.

"त्यांनी नाही लावलं," क्षमा देवस्थळी म्हणाल्या. "मी लावलं."

टोक पुसल्यापासून चार मिनिटं झाली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं होतं म्हणून त्यांना ते नक्की माहीत होतं, आणि पुढे त्यांनी ते सांगितलंही.

रानड्यांना वाटलं त्या कंत्राटदाराला वाचवायला बघतायत. त्यांनी तसं म्हटलं. क्षमा देवस्थळींनी नकारार्थी मान हलवली आणि जे सांगितलं ते एखादा अहवाल द्यावा तसं, क्रमानं सांगितलं.

प्रयोगशाळेत एक जुनी पद्धत होती. वर्षभरात जी नवी यंत्रं येत, त्यांना खंडेनवमीला पहिलं बोट खरेदी अधिकाऱ्यानं लावायचं. ज्यानं आणलं त्यानं लावायचं, असा साधा हिशेब. सतरा वर्षं ते काम क्षमा देवस्थळींचं होतं. फोटोकॉपीच्या मशीनपासून रडारच्या मोटरीपर्यंत सगळ्याला त्यांचं बोट लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्यांचे यजमान गेले. त्या ऑक्टोबरला हळदकुंकवाचं ताट नलिनी तोडणकरांच्या हातात होतं. कुणी काही ठरवलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. त्या वर्षी एक प्रिंटर आला होता, त्याला नलिनीनं लावलं. मग सगळ्यांनी पेढा घेतला. पुढच्या वर्षीही तसंच झालं, आणि या वर्षीही.

या वर्षी १ ऑक्टोबरला हॉलमधली पूजा चारला संपली. चार वीसला त्या किल्ली घेऊन एकट्या वर गेल्या. पुडी त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती, आधीच्या वर्षांची उरलेली. या केबलच्या निविदेचा पहिला मसुदा त्यांनी मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लिहिला होता. यजमान तेव्हा आत होते. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेल्या. मशीनला कुंकू लावावं म्हणून त्या आल्या होत्या. पण मशीन जुनं होतं, नवी होती ती केबल. केयूरनं कधीतरी समजावून सांगितलं होतं की सगळं इथूनच ये-जा करणार आहे. टोकावर प्लास्टिकची टोपी होती. टोपी फेकून द्यायची वस्तू, तिला लावून काय उपयोग, म्हणून त्यांनी ती काढली. आत उदबत्तीच्या काडीएवढी पांढरी दांडी होती. तिला त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं आणि टोपी परत घातली. वहीत नोंद केली नाही. या एकोणीस वर्षांत त्यांनी न केलेली ती पहिली नोंद होती.

"कलम नऊ क तुमचंच आहे," केयूर म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "टोकं धूळमुक्त ठेवावीत."

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. "कुंकू म्हणजे धूळ, हे माझ्या मनातच आलं नाही."

नितेश त्यांच्याकडे बघत होता. ज्या बाईनं त्याला बिलातल्या एका अक्षरासाठी दोन वेळा परत पाठवलं होतं, तिनं हे केलं, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता. राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण कुठून सुरू करावं ते त्याला समजेना. शेवटी त्यानं विचारलं ते असं: "मॅडम, त्रेचाळीस दिवसांत एकदाही आठवलं नाही?"

"लावलं ते आठवत होतं. त्याचा याच्याशी संबंध आहे हे आत्ता पट्टी पाहिल्यावर कळलं. कळल्यावरही चार मिनिटं गप्प बसले. तेवढा वेळ तुमच्या माणसावर आळ येऊ दिला, तो माझा दोष."

त्या खंडूकडे वळल्या आणि त्याची माफी मागितली. खंडू गोंधळून "नाय, नाय" म्हणाला आणि वायर पिशवीत कोंबली. नितेशकडे त्यानं पाहिलं नाही.

रानडे सगळ्यांना घेऊन खाली बैठकीच्या खोलीत आले. दार लावून घेतल्यावर त्यांचा सूर बदललेला होता. त्यांनी जो ठराव सुचवला तो सोयीचा होता: आतल्या जोडणीत धूळ आढळली, ती दूर करण्यात आली, काळ्या यादीचा प्रस्ताव मागे. कुणाचंच नाव नाही. क्षमाताईंची निवृत्ती तीन वर्षांवर, केयूरची पदोन्नती यायची आहे, कंत्राटदाराची सुटका होतेय. यात कुणाचं वाईट होतं?

 नितेशनं सांगितलं की त्याला हे चालणार नाही. तो ओरडला नाही. नुसतं धूळ लिहिलंत, तर ती पेटीच्या आतली की बाहेरची, हा प्रश्न राहील, म्हणाला. उशिराचा दंड लावताना तोच प्रश्न विचारतील आणि उत्तर मलाच द्यावं लागेल.

"बरोबर आहे त्यांचं," क्षमा देवस्थळी म्हणाल्या. "नाव लिहा."

"क्षमाताई, चौकशी लागेल. वर काय सांगाल? का लावलं म्हणून विचारतील."

"विचारतील तेव्हा सांगेन. इतिवृत्तात कारण लागत नाही. कृती लागते, वेळ लागते." त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "लिही, नलिनी. दिनांक १ ऑक्टोबर, सायंकाळी चार वाजून वीस मिनिटं."

नलिनी तोडणकरांनी पेन कागदाला लावलं आणि तिथंच धरून ठेवलं. त्या साठीकडे झुकलेल्या, घाटकोपरच्या एकाच चाळीत सगळा जन्म काढलेल्या बाई. ऑफिसात मोठ्यानं बोलणाऱ्या, सगळ्यांना दटावणाऱ्या. 

"मी ताट तुमच्यापुढं आणलं असतं तर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला त्रास होईल. देवाशप्पथ, दुसरं काही नव्हतं मनात."

"माहीत आहे मला."

"तुम्ही एकदा म्हणायचंत ना, आण इकडे म्हणून."

 क्षमा देवस्थळी म्हणाल्या, "मागावं लागेल असं वाटलं नव्हतं." आणि लगेच पुढचं वाक्य सांगायला लागल्या. प्रयोगशाळेच्या खरेदी अधिकारी श्रीमती क्षमा देवस्थळी यांनी केबलच्या टोकाची टोपी काढून टोकास हळद व कुंकू लावले. सदर बाबीची नोंद केली नाही. कंत्राटदार व त्यांचे कर्मचारी यांचा याच्याशी संबंध नाही. तिन्ही चाचण्यांचे निकाल या कारणाने अग्राह्य ठरतात. विलंबाची जबाबदारी कंत्राटदाराची नाही.

नलिनी लिहीत गेल्या. अक्षर नेहमीसारखं गोल येत नव्हतं. एका ठिकाणी शाई फुटली, तेव्हा क्षमा देवस्थळींनी ते वाक्य खोडून पुन्हा लिहायला लावलं आणि खोडलेल्या जागेवर सही केली.

स्टोअरमधून दुसरी केबल काढायचा कागद रानड्यांनी तिथंच मंजूर केला. मशीनमध्ये टोक बसतं तो भागही ओरखडलेला असणार, म्हणून तोही बदलायचं ठरलं. केयूर वर गेला. या वेळी त्यानं खंडूला बरोबर घेतलं, आणि टोपी काढायच्या आधी सूक्ष्मदर्शक मागून घेतला. पाऊण तासानं त्यानं खाली फोन करून मशीनवरचा आकडा सांगितला. तो नितेशच्या मीटरवर सहा आठवडे दिसत होता तेवढाच होता. सात दिवसांची चाचणी दुपारी दोनला पुन्हा सुरू झाली.

सह्या झाल्या. रानड्यांनी आपली सही सगळ्यात शेवटी केली आणि पेन टोपण न लावताच खिशात ठेवलं. नितेशला उपस्थित म्हणून सही करायला सांगितलं. त्यानं इतिवृत्त दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचं बोट 'संबंध नाही' या शब्दांवर थांबलं. त्यानं सही केली आणि विचारलं, "याची कॉपी मिळेल ना मला?"

रानडे म्हणाले की इतिवृत्त कार्यालयीन असतं, ते असं बाहेर देत नाहीत, पत्र पाठवू. नितेशनं सांगितलं की पत्राला महिना लागेल. ठाण्याला एका दवाखान्याच्या कामाची निविदा त्यानं भरली होती, तिची कागदपत्रं गुरुवारी तपासणार होते, आणि फॉर्मवर एक रकाना होता: आपल्याविरुद्ध काळ्या यादीची कारवाई सुरू आहे किंवा कसे. या इमारतीतून गेल्या आठवड्यात गेलेली नोटीस तिथल्या बाबूनं आधीच पाहिलेली होती.

"तोंडी सांगून कोण ऐकणार, साहेब? हळदकुंकवानं लाइन बंद पडली म्हटलं तर हसतील. कागद पाहिजे. शिक्का मारलेला."

रानड्यांनी क्षमा देवस्थळींकडे पाहिलं. प्रती खऱ्या असल्याचा दाखला द्यायचा अधिकार खरेदी विभागाच्या कागदांपुरता त्यांचा होता. चौकशी सुरू होईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहणार होता.

"संबंधित पक्षाला प्रत देता येते," त्या म्हणाल्या. "नियम बावीस."

त्यांनी वही उचलली आणि पॅसेजमधल्या मशीनवर दोन्ही पानांच्या दोन दोन प्रती काढल्या. नितेश त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. पहिल्या प्रतीच्या कडेला खोडलेल्या ओळीवरची सही नीट उमटली नव्हती, म्हणून ती त्यांनी फाडली आणि पुन्हा काढली. मग टेबलाशी येऊन शिक्क्याची पेटी उघडली. चारही पानांवर 'मूळ प्रतीबरहुकूम' असा शिक्का मारला, प्रत्येक शिक्क्याखाली स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला, तारीख घातली. शाई वाळेपर्यंत त्यांनी पानं हातात धरून ठेवली आणि मग नितेशला दिली.

"मोजून घ्या," त्या म्हणाल्या.

नितेशनं पानं मोजली. चार होती.